मोकळा सोडलेला माणूस

कोल्हापुरात मी बरेच हंगाम राइट बॅक खेळलो. सुरुवातीला आमच्या पेठेच्या संघात बॅकला एकच काम असायचं : आपला माणूस धरायचा आणि सोडायचा नाही. तो पाणी प्यायला गेला तरी शेजारी जाऊन उभं राहायचं. नवे कोच आले आणि त्यांनी हा प्रकार बंद केला. फळ्यावर त्यांनी 4-4-2 लिहिलं. आकडे बॅकपासून पुढं मोजायचे, गोलकीपर धरायचा नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतंच. सर म्हणाले, ‘‘आकडा विसरलास तरी चालंल. शेजारच्यापासनं किती लांब हाईस, ते इसरू नको.’’

मग पहाटे मैदानावर आम्हा चौघा बॅकच्या कमरेला दोरी बांधली गेली. दोघांमध्ये सात-आठ पावलांचं अंतर. सर बॉल घेऊन या बाजूनं त्या बाजूला फिरायचे. बॉल माझ्या अंगाला आला की मी पुढं निघायचं, शेजारच्या स्टॉपरनं माझ्या मागं तिरकं येऊन आधाराला थांबायचं आणि उरलेल्या दोघांनी आत सरकायचं. एकजण जरी जागचा हलला नाही, तरी दोरी बाकीच्यांच्या कमरेत कचकन बसायची. तोंडानं सांगून जे महिनोन्‌महिने डोक्यात शिरलं नसतं, ते कातडी सोलवटल्यावर लगेच शिरलं.

यात गंमत पलीकडच्या लेफ्ट बॅकची. तो इतका आत येतो की त्याच्या बाजूचा विंगर साफ मोकळा पडतो. त्याला मोकळं सोडायचं हे ठरलेलंच असतं. मैदान साठ-सत्तर मीटर रुंद. या टोकाचा बॉल हवेतून त्या टोकाला पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात अख्खी फळी तिकडं सरकते. गोलसमोरची जागा उघडी पडली, तर मात्र सावरायला वेळच मिळत नाही. पण हे शाहू स्टेडियमच्या गॅलरीला पटवणार कोण? ‘‘आरं, त्यो बघ मोकळा हाय, धर की त्याला!’’ असा ओरडा सुरू व्हायचा. त्यापुढचे शब्द छापण्यासारखे नसायचे.

मधल्या फळीचे चौघे आमच्यापुढं दहा-बारा मीटरवर. हे अंतर वाढलं की मेलोच. समोरचा हुशार खेळाडू नेमका त्याच पट्ट्यात येऊन उभा राहतो. सर त्यावर 1953 ची वेम्बलीची मॅच सांगायचे. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढं थांबायचं सोडून मागं मधल्या फळीत यायचा. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टननं त्याच्यामागं जावं तर मागं भगदाड, जागेवर थांबावं तर हिदेगकुटी मोकाट. हंगेरीनं 6-3 अशी मॅच मारली, त्यातले तीन गोल हिदेगकुटीचे. माणूस धरून खेळणाऱ्यांची अशीच फजिती होते, याचं हे सरांचं लाडकं उदाहरण.

आमची अडचण वेगळीच. समोरचे 4-3-3 खेळले की मध्यात त्यांचे तीन आणि आमचे दोनच, कारण आमच्या चौघांतले दोघे कडेला असायचे. मग आमच्या दोन फॉरवर्डपैकी एकाला खाली ओढावं लागे. गोल मारायला आलेल्या पोराला हे काम अजिबात आवडत नाही. मॅचच्या शेवटी तो दमून वर थांबायला लागला, की कागदावरच्या रचनेला काही अर्थ उरत नसे. माझं मत विचाराल तर संघाची रचना कोचपेक्षा हा नाखूश फॉरवर्डच ठरवतो.

पुढच्या मॅचला गेलात तर पाच मिनिटं बॉल सोडून चार बॅककडं बघा. आणि पलीकडचा विंगर मोकळा दिसला, तर लेफ्ट बॅकला शिव्या घालण्याआधी दोन सेकंद थांबा.