थोडं म्हणजे किती?

मागच्या पौषात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या आठवडी बाजारात एका आजीने मला एक प्रश्न विचारला. मी दिलेलं उत्तर अपुरं होतं, काही अंशी चुकीचंही, आणि ते अजून सलतं. श्रावणात संपादकांचा फोन आला, ‘रानभाज्यांचं पोषणमूल्य लिहा, रसायनशास्त्र जरा कमी ठेवा’, तेव्हा आधी ती आजीच आठवली.

ती लाखोळीचे कोवळे शेंडे विकत होती. धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर बी फेकायचं, त्याला उतेरा म्हणतात. थंडीत शेंडे खुडून भाजी करायची, दाणा मागाहून. मी अन्नरसायन शिकवते, हे शेजारच्या दुकानदाराने तिला सांगितलं. “बाई, आमी त आजा-पंज्यापासून खातो,” ती म्हणाली. “पन सून दोन जिवाची हाये. नागपूरची सोयरी मंते, हे इख हाये. देऊ का नोको?” मी म्हटलं, शिजवून पाणी काढून टाका आणि थोडी द्या. तिने लगेच विचारलं, “थोडी मंजे किती?”

पोषणाचे आकडे सांगणं त्या मानाने सोपं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या कोष्टकांत मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, १०० ग्रॅम पानांत ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह दिलं आहे. रानभाजी महोत्सवांच्या फलकांवर असेच आकडे लिहिलेले असतात आणि लोक फोटो काढून नेतात. पण पानात किती आहे आणि अंगाला किती लागतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेत रॉबर्ट हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मोजून दाखवलं की दुधातल्या कॅल्शियमपैकी सुमारे २७ टक्के शरीरात शोषलं जातं, पालकातल्यापैकी जेमतेम ५ टक्के. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. आपल्या घोळीत आणि धोप्यात, म्हणजे अळूतही, ते भरपूर असतं. धोप्याने घसा खवखवतो तो त्याच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. घोळीची भाजी ताकात शिजवणारी बाई हे शब्द वापरत नाही, पण ताकातलं कॅल्शियम भांड्यात आणि पोटात त्या ऑक्झॅलेटला अडवतं आणि ते रक्तात कमी जातं. तीच घोळ कच्ची वाटून रोज उपाशीपोटी प्यायचा सल्ला आता मोबाइलवर फिरतो. ऑक्झॅलेटने भरलेल्या हिरव्या रसांनी मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भाजीचं औषध करायची ही घाई मला भीतीदायक वाटते.

आणखी एक गैरसमज. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलची कुटुंबं पुष्कळ आहेत. मूल फिकट दिसलं की शेजारीपाजारी सांगतात, रक्त कमी आहे, पालेभाजी खाऊ घाला. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात, त्यामुळे हा पंडुरोग लोहाच्या कमतरतेचा नव्हे. या मुलांना पालेभाजीतलं फोलेट उपयोगी पडतं, कारण नव्या पेशी घडवायला ते सतत खर्च होतं. पण फोलेट पाण्यात विरघळतं. भाजी उकळून पाणी ओतलं की बरंचसं मोरीत जातं. आणि मी तर आजीला पाणी ओतायलाच सांगितलं होतं.

का, ते सांगण्यासाठी लाखोळीवर थोडं विस्ताराने बोलावं लागेल. लाखोळीत ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल असतं, दाण्यात आणि कोवळ्या पानांतही. ते मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनासारखं दिसतं, आणि चेतापेशींना सतत उद्दीपित करून थकवतं, शेवटी मारतं. पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, आणि ते परत फिरत नाही. याला लॅथिरिझम म्हणतात. देशात केसरी डाळीच्या, म्हणजे लाखोळीच्याच डाळीच्या, विक्रीवर बंदी आली १९६१ साली. ओडॅप वेगळं काढून ओळखलं गेलं १९६४ साली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. म्हणजे बंदी आधी आली, विषाची ओळख नंतर. नियमात दाणा, डाळ, पीठ आणि भेसळ यांचा विचार होता. ज्या पाल्यावर झाडीपट्टीचा हिवाळा जातो, त्याचं नावही नव्हतं.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले आणि २००८ साली महाराष्ट्राने ती उठवली. २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना मुभा देत देशभरातली बंदी उठवण्याची शिफारस केली. मला दोन्ही बाजूंचं पटतं आणि दोन्ही बाजूंचा राग येतो. ‘काहीच होत नाही’ म्हणणारे १९४२ सालची, आजच्या युक्रेनमधली वाप्नियार्काची छळछावणी विसरतात. तिथल्या ज्यू कैद्यांना दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम लाखोळी मिळे. काही महिन्यांत शेकडो जण पांगळे झाले आणि त्यांच्यातल्याच डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखलं. ‘विषच आहे’ म्हणणारे हे लक्षात घेत नाहीत की लॅथिरिझम दुष्काळात येतो, जेव्हा ताटात लाखोळीशिवाय फारसं काही उरत नाही आणि ते दोन-चार महिने चालतं. भातात गंधकयुक्त अमिनो आम्लं आहेत, जी लाखोळीत कमी पडतात. भाताशेजारची वाटीभर भाजी ही त्या छावणीतल्या ताटापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. कमी ओडॅपच्या वाणांवरही माझा पुरता भरवसा नाही. जस्त कमी आणि लोह जास्त असलेल्या मातीत ओडॅप वाढतं, कोरड पडली तरी वाढतं, आणि आमचा शेतकरी बी घरचंच ठेवतो. पाकिटावरचा आकडा बांधीतल्या झाडाला बांधील नसतो.

ओडॅपही फोलेटसारखंच पाण्यात विरघळतं. म्हणून पाणी काढायचं. वाळवून ठेवलेल्या भाजीत ते नाहीसं होत नाही, उलट तोळ्यामागे वाढतं. ती आधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायलाच हवं. वास्त्यांचं, म्हणजे बांबूच्या कोंबांचंही तसंच: त्यातून सायनाइड सुटतं, आणि काप भिजवून, उकळून, पाणी टाकून आमच्या बायका ते घालवतात.

तरोट्याबद्दल, म्हणजे टाकळ्याबद्दल, मात्र शिजवण्यापेक्षा ओळखीची काळजी जास्त. पहिल्या पावसानंतरचा कोवळा तरोटा बेलाशक खावा. पण त्याच्या नात्यातला कासविंदा त्याच बांधावर उगवतो. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोक गोल. कासविंद्याला चार ते सहा, टोक अणकुचीदार. कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात मुलं दगावली. २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत शंभराच्या आसपास मुलं गेली, तेव्हाही विषाणुतज्ज्ञ डॉ. जेकब जॉन यांनी याच झाडाकडे बोट दाखवलं. जपानी मेंदुज्वर की हे बी, हा वाद तिथे झाला. मलकानगिरी आमच्याच जंगलाच्या पट्ट्यात येतं. शाळेच्या आवारातल्या मुलांना हा फरक पान हातात देऊनच शिकवायला हवा.

आता आजीच्या प्रश्नाकडे. धडधाकट माणसाला आठवड्यातून दोनदा, पाणी काढलेली एक वाटी, भाताबरोबर. आणि डाळ लाखोळीची असेल त्या दिवशी भाजी दुसरी. हे माप मी तिथेच द्यायला हवं होतं. तिच्या सुनेला मात्र थोडीही द्या म्हणायला नको होतं. परंपरेवर कुणी बोट ठेवलं की मी तिची बाजू घेते, तशी त्या दिवशी घेतली, आणि प्रश्न परंपरेचा नसून एका पोटुशीचा होता हे निसटलं. तिच्यासाठी मुंगना होता, अंबाडी होती. एका हिवाळ्यापुरती लाखोळी वगळून तिचं काही अडलं नसतं.

येत्या पौषात मी मूलच्या बाजारात जाणार आहे. सून तोवर बाळंत झालेली असेल, पण अंगावर पाजत असेल तर तिच्यासाठीही माझं उत्तर हेच आहे.