वहीच्या समासातील शेरा

यवतमाळ शहराला अगदी लागून असलेले लोहारा हे गाव बाहेरच्या माणसास औद्योगिक वसाहतीमुळे परिचित असले, तरी तेथील प्राथमिक शाळांतून बसणारी मुले कारखान्यातील कामगारांच्या घरून जशी येतात, तशीच आसपासच्या कपाशीच्या आणि सोयाबीनच्या रानांत राबणाऱ्या कुटुंबांतूनही येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी वऱ्हाडी चालते, काहींच्या घरी बंजारा बोली चालते, आणि पुस्तकातील मराठी त्यांना शाळेच्या उंबरठ्यावरच प्रथम भेटते. केंद्रप्रमुख या नात्याने तेथील एका शाळेच्या तपासणीस गेलो, म्हणजे हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि जमाखर्च ही दप्तराची बाजू उरकून मी निबंधाच्या वह्या मागवीत असे, कारण शिकवण्याचे खरे स्वरूप मला त्यांतच दिसे.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात राज्य शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती जाहीर केली. तिसरी-चौथीच्या वर्गांसाठी १०० पैकी ६० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनास आणि ४० संकलित मूल्यमापनास, शिवाय प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी, अशी तिची योजना होती. आणि मुलाची पारख एका परीक्षेवर सोपवू नये हा तिच्यामागील हेतू मला आजही सर्वथा योग्य वाटतो. परंतु नोंदवह्या पाहू लागलो, तेव्हा ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात पानोपानी ‘हस्ताक्षर सुधारावे’ आणि ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ हीच दोन वाक्ये आढळली. मुलाने काय लिहिले याचा त्यांत मागमूस नव्हता.

पोळ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट आहे. चौथीच्या वर्गाने ‘पोळा’ या विषयावर निबंध लिहिले होते आणि जवळजवळ सर्व वह्यांतून ‘बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ येथून आरंभ होऊन ‘असा हा सण मला फार आवडतो’ येथे समाप्ती होत होती. फळ्यावरून उतरवून घेतलेले ते निर्दोष लेखन असल्यामुळे त्यांवर बरोबरच्या खुणा होत्या. एक वही मात्र तांबड्या शाईने माखलेली होती. तिच्यात त्या मुलाने लिहिले होते : ‘आमच्या गोऱ्ह्याचा खांदा सुजला होता बाबानं हयद आन लोनी लावलं तो खांदा हालवे मले वाटलं त्याले गुदगुल्या होतात’. पूर्णविराम नाही, ‘हळद’ नाही, ‘मला’ नाही; प्रत्येक शब्दाभोवती वर्तुळ, आणि खाली गुण ३. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात हे सर्वांस ठाऊक असते, पण त्या क्षणी जनावराच्या अंगावर उठणारी थरथर ज्याने पाहिली आणि कागदावर आणली, असा त्या वर्गात तो एकटाच होता.

मी त्याला जवळ बोलावून म्हटले, “बेटा, हे मला वाचून दाखव.” त्याने वाचले, आणि वाचताना तो जेथे जेथे थांबला तेथे तेथे मी त्यालाच पेन्सिलीने टिंब द्यावयास सांगितले, तेव्हा चार वाक्ये आपोआप वेगळी झाली. मग विचारले, “गोऱ्हा खांदा हलवायचा, तेव्हा बाबा काय करत होते?” तो म्हणाला, “सर, बाबा त्याच्या कानात बोलत व्हते.” “मग हे लिहिलं का नाहीस?” त्यावर त्याने बाईंकडे पाहिले. बाईंनी मान डोलावताच तो जागेवर गेला आणि नव्या पानावर सारे पुन्हा लिहून घेऊन आला. या वेळी कानातले बोलणे त्यात होते, पूर्णविराम होते, आणि ‘हळद’ हा शब्द त्याने शेजारच्या मुलीस विचारून दुरुस्त केला होता.

बाई कष्टाळू होत्या. अधिकाऱ्याने वही उघडली असता एकही चूक तपासल्यावाचून राहिलेली दिसू नये, या धास्तीने त्या शाई खर्च करीत. ही धास्ती आम्ही तपासणाऱ्यांनीच जोपासली आहे, म्हणून पुढील शिक्षण परिषदेत तोच निबंध, मुलाचे नाव झाकून, सर्व शिक्षकांपुढे ठेवला आणि १० पैकी गुण द्यावयास सांगितले. कोणी २ दिले, कोणी ८. एकाने केवळ शुद्धलेखन मोजले होते, दुसऱ्याने केवळ आशय. तेव्हा आशय, मांडणी, वाक्यरचना आणि लेखननियम या चार बाबींची नोंद स्वतंत्रपणे करावयाचे ठरले आणि पुन्हा गुण मागितले, तर ती तफावत पुष्कळच कमी झाली.

शुद्धलेखनाविषयी मी उदासीन आहे असा ग्रह कृपया कोणी करून घेऊ नये. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली भर मिळून आज जे १८ नियम प्रचलित आहेत, ते सातवी-आठवीपर्यंत मुलाच्या हाती बसलेच पाहिजेत. परंतु चौथीतील मुलावर ते सर्व एकाच पानावर बजावले, तर तो चूक टाळण्याचा एकच खात्रीचा मार्ग पत्करतो, आणि तो म्हणजे फळ्यावरचे उतरविणे. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या स्वतःच्या अनुभवास लेखनात जे अग्रस्थान मिळाले, त्याचे महत्त्व मला लोहाऱ्यातील त्या वर्गात पुरते उमगले.

त्या बाईंनी पुढे वर्षभर एका वहीत एका वेळी एकच दोष दाखविण्याचा क्रम ठेवला : प्रथम वाक्य कोठे संपते, मग घटनांचा क्रम, त्यानंतर जोडाक्षरे, आणि ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी. समासात हुकूम लिहिण्याऐवजी त्या प्रश्न लिहू लागल्या, आणि त्या मुलाच्या नोंदीत ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात ‘पाहिलेला प्रसंग क्रमाने सांगतो’ असे वाक्य आले. सर्वांचीच प्रगती सारखी झाली नाही. बंजारा बोलीच्या दोन मुलींना अधिक काळ लागला आणि त्यांना आधी तोंडी सांगू द्यावे लागले.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे की, तपासलेली वही कपाटात जाण्यापूर्वी मुलाच्या हाती परत द्यावी, आणि पुनर्लेखनासाठी आठवड्याच्या वेळापत्रकात एक तासिका राखून ठेवावी. केंद्रप्रमुखांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांनीही तपासणीस गेल्यावर तांबड्या खुणा मोजण्यापेक्षा ते दुसऱ्यांदा लिहिलेले पान मागावे.