ओझं

आई वाघोलीतल्या सोसायटीत धुणीभांडी करते. तिथल्या रद्दीत तिला बारावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक मिळालं. इंग्रजी. रात्री गिरणीत पिठाच्या पोत्यावर बसून अक्षर अक्षर लावत वाचलं. जनआंदोलनांच्या धड्यात दलित पँथर, १९७२, अन् चक्क नामदेव ढसाळांची कविता! सातवीत शाळा सुटलेल्या मला शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा आपलं माणूस भेटलं.

मामाचं पोरगं सीबीएसईच्या शाळेत. त्याच्या नव्या पुस्तकात तो धडाच नाही. २०२२ साली एनसीईआरटीनं गाळला. कोरोनानंतर पोरांचं ओझं कमी करायचं म्हणे! बंदी नाही हं, नुसतं ओझं. अरे, ५० किलोचं पोतं रोज पाठीवर घेतो आम्ही, ओझं आम्हाला सांगता?

पोरगं म्हणालं, "दादा, परीक्षेला नाही ते."

रद्दीतलं पुस्तक त्याच्या पुढ्यात टाकलं. "वाच. मोठ्यानं वाच."