चार बोटांची दुमड

लग्न होऊन मी इंदुरास आले ती १९७० साली. माझे माहेर साताऱ्याचे. तिथे आम्ही सगळी बेताच्या उंचीची माणसे. माझी स्वतःची उंची पाच फुटांना एक इंच कमी. आणि ह्यांची सहा फूट दोन इंच. अंतरपाट धरणाऱ्यांनी हात कितीही उंचावले तरी ह्यांना पलीकडचे सगळे दिसत होते, अशी थट्टा आमच्या घरात अजून होते.

सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे सदऱ्याच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडून ठेवीत. पौषातल्या थंडीतही. मला ती ऐट वाटली, आणि खरे सांगायचे तर आवडलीही.

रामबागेतल्या आमच्या घरी तेव्हा आठवड्याला परीट येई. कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण करी आणि गाठोडे बांधून भट्टीसाठी घेऊन जाई. त्या गाठोड्यात चादरी जात, मामंजींची धोतरे जात. पण ह्यांचे सदरे सासूबाई कधी घालीत नसत. ते त्या स्वतः धूत, गार पाण्यात. मला ते आईचे वेडे प्रेम वाटे. नव्या सुनेच्या मनाला ते थोडे टोचेही.

१९७२ च्या उन्हाळ्यात ह्यांना भोपाळच्या एका कचेरीतून मुलाखतीचे बोलावणे आले. पांढऱ्या पॉपलिनचा पुऱ्या बाह्यांचा नवा सदरा शिंप्याने घाईने शिवून दिला होता. माप पाहण्यासाठी एकदाच तो अंगावर चढला होता. सासूबाई वन्संच्या बाळंतपणासाठी उज्जैनला गेल्या होत्या. आपल्या हातून काही चांगले घडावे, या उमाळ्याने मी तो सदरा बंबातल्या कढत पाण्यात सोडा घालून तासभर भिजवला, धोपाटण्याने बडवला, चांगला पीळ देऊन पिळला आणि भर उन्हात तारेवर टाकला. संध्याकाळी कडक इस्त्री केली. बगळ्याच्या पिसासारखा पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांनी तो घातला आणि दोन्ही मनगटांच्या वर दीड-दीड इंच हात उघडा राहिला. कॉलरचे बटण लागेना. मुलाखतीला घालण्याजोगा दुसरा सदरा घरात नव्हता. ह्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत, बाह्या दोन घड्या वर दुमडल्या आणि गाडी गाठायला बाहेर पडले.

ती नोकरी मिळाली नाही. बाह्यांमुळे मिळाली नाही असे मी म्हणणार नाही; जागा दोन होत्या आणि उमेदवार पुष्कळ. पुढे इथेच शाळेत नोकरी लागली आणि ह्यांनी एकतीस वर्षे आनंदाने भूगोल शिकवला. पण त्या पहाटेविषयी ह्यांनी मला आजतागायत एक शब्द विचारलेला नाही, आणि न विचारलेल्या शब्दांचे ओझे काय असते ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

सासूबाई परत आल्या. मी रडत रडत सदरा पुढे ठेवला. त्या रागावल्या नाहीत. "तुला सांगायचंच राहून गेलं गं," एवढेच म्हणाल्या, आणि मग सांगत बसल्या. चौदाव्या वर्षी हा मुलगा ताडमाड वाढू लागला. घरात खाणारी तोंडे नऊ. वर्षाला दोन सदरे आणि दोन विजारी शिवायच्या, त्या दिवाळीला शिवल्या की होळीला आखूड. विजार नडगीवर चढलेली, बाह्या हातभर मागे. शाळेत मुले "उटंग आला, उंट आला" म्हणून ओरडत. एके दिवशी मुलाने आपणहून बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि तसाच शाळेत गेला. मुद्दाम दुमडलेली बाही आखूड आहे की पुरी, हे कोणाला कळत नाही. ती सवय तेव्हाची.

म्हणजे मला जी ऐट वाटली होती ती ही.

त्या दिवसापासून सासूबाईंनी मला जे शिकवले ते मी पन्नासाहून अधिक वर्षे पाळते आहे. सुती कापड आणले की आधी ते रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवायचे. पाणी दाबून काढायचे, पिळायचे नाही. सावलीत वाळवून मगच शिंप्याकडे द्यायचे. हातमाग किंवा खादी असेल तर ही आंघोळ दोनदा. कापड नेहमी पाव वार अधिक घ्यायचे, आणि शिंप्याला बजावायचे की सदऱ्याच्या खालच्या काठाला आणि विजारीच्या पायाशी आत चार बोटे कापड दुमडून ठेव. पुढेमागे उसवून सोडता येते.

यामागचे कारण मात्र मला शेजारच्या काकांकडून कळले. ते गिरणीत कामाला होते. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांचे भोंगे ऐकून आमच्या इंदुरात तेव्हा घड्याळे लावीत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. भोंगे आता नाहीत. काकांनी मला एक चिंधी उसवून धागे वेगळे करून दाखवले होते. उभा धागा म्हणजे ताणा. तो मागावर ताणून धरलेला असतो आणि पुढच्या सगळ्या प्रक्रियांत कापड लांबीतच ओढले जाते. आडव्या बाण्याला एवढी ओढ नसते. पाणी लागले की सूत फुगते, प्रत्येक धाग्याला शेजारच्या धाग्यावरून अधिक वळसा घ्यावा लागतो आणि ताणलेले कापड सैल होऊन मागे येते. ते येते लांबीत. सदऱ्याची पाठ आणि बाही लांबीतच बेततात, म्हणून आखूड होतात. कॉलरची पट्टी कापताना मात्र तोच उभा धागा गळ्याभोवती फिरतो, म्हणून ती आवळते. त्या पहाटेचे बटण का लागले नव्हते, ते मला तेव्हा उमगले.

आता हिशेब पाहा. सुती कापड शेकडा चार आटले, तर माझ्या पोलक्याच्या सहा इंची बाहीत पाव इंच जाते. कोणाच्या लक्षातही येत नाही. ह्यांच्या २७ इंचांच्या बाहीत इंचाहून अधिक जाते. एकच पाणी, एकच साबण. शिक्षा उंच माणसाला. कापडाच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का मारलेला असे तो पुष्कळांना आठवत असेल. सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन गृहस्थांनी १९३० साली पेटंट घेतलेली ही रीत. कापड वाफेने ओलसर करून रबराच्या जाड पट्ट्यावर दाबून लांबीत आधीच आटवून घ्यायचे. मग धुण्यात ते शेकडा एकाहूनही कमी आटते. मी एम. टी. क्लॉथ मार्केटात तो शिक्का पाहिल्याशिवाय पॉपलिन घेत नसे, आणि तरीही घरी आणून भिजवीतच असे. दुकानदार हसत. हसोत.

टेरिकॉट आले तेव्हा सगळ्यांनी सांगितले की आता तुमची काळजी मिटली. ते आटत नाही हे खरे. पण माळव्याच्या मे महिन्यात ते अंगात घालून भूगोल शिकवून दाखवावा. आणि तयार कपड्यांविषयी तर बोलूच नये. मोठे माप मागितले की पोट दुप्पट होते, बाही मात्र बोटभरच वाढते. उंच माणूस म्हणजे जाड माणूस, अशी त्या कारखानदारांची समजूत असावी.

धुण्याची माझी रीत साधी आहे. पाणी गार, फार तर कोमट. भिजवणे थोडा वेळ. कॉलर आणि कफ तेवढे हाताने चोळायचे. सदरा दाबून पाणी काढले की खांद्याला मी आणि काठाला सासूबाई, असे धरून आम्ही तो झटकीत असू. मग बाहीची शिवण लांबीतून हलक्या हाताने ओढायची, कारण शिवणीचा दोराही आटतो आणि कापडाला चुण्या पाडतो. सदरा रुंद हँगरवर, म्हणजे ओल्या कापडाचा भार त्याला खाली ओढतो. विजार उलटी, पायांच्या टोकांना चिमटे लावून. कमरेचा जड भाग खाली लोंबतो आणि लांबी राखतो. विणलेल्या बनियनचे उलटे: ती टांगली तर लोंबते, बडवली तर रुंद आणि आखूड होते, म्हणून सपाट पसरावी. लोकरी स्वेटरला तर गरम पाणी दाखवूच नये. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून बसले की ब्रह्मदेवालाही सुटायचे नाहीत. इस्त्री सदरा किंचित दमट असतानाच, आणि उभ्या धाग्याच्या दिशेने. बंगळुरात मुलाच्या घरी कपडे वाळवणारे यंत्र आहे. त्यातल्या गरम वाऱ्याने त्याचे चार सदरे भाच्यांना गेले, तेव्हा कुठे आईचा सल्ला त्याला आठवला.

सासूबाई १९९४ मध्ये गेल्या. त्यानंतर काठाचे दुसरे टोक हे धरू लागले. आम्हा दोघांच्या उंचीमुळे सदरा तिरका झटकला जाई.

गेल्या वर्षी एक नवेच घडले. मला वाटू लागले की ह्यांचे सदरे लांब होत आहेत. आधी मी हँगरला दोष दिला. मग मापे घेतली. सदरे होते तेवढेच होते. डॉक्टरांनी ह्यांना भिंतीशी उभे करून मोजले: पाच फूट साडेअकरा इंच. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना सेंटिमीटरभर उंची जाते, सत्तरीनंतर अधिक वेगाने, असे ते म्हणाले. मणक्यांमधल्या गाद्या वाळतात, मणके दबतात, पाठ वाकते. हातापायांची हाडे मात्र आखूड होत नाहीत. म्हणून सदऱ्याचा काठ मांडीवर उतरला होता आणि बाही मनगटावर अगदी बरोबर होती. पन्नास वर्षे मी कापडाला आटू दिले नव्हते. मणक्यांना भिजवून घेण्याची सोय नव्हती.

मुलाने प्रेमाने एक माप लहान असे तीन सदरे पाठवले. ह्यांनी एक घातला. पाठीला छान बसला. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. ह्यांनी काही न बोलता त्या दोन घड्या वर दुमडल्या.

मी ते तिन्ही सदरे त्याच दिवशी परत पाठवले आणि ह्यांचे जुने सदरे पिशवीत घालून शिंप्याकडे गेले. खालून चार बोटे कमी करा म्हटले. त्याने कात्री उचलली. मी म्हटले, कापू नका, आत दुमडा. तरुण मुलगा आहे, कात्री तशीच धरून त्याने विचारले, "माताजी, अब दादाजी और कितने लंबे होंगे?"

मी त्याला पुन्हा सांगितले, दुमडाच. शनिवारी सदरे आले. ह्यांनी त्यातला निळ्या रेघांचा घातला, दोन्ही कफांची बटणे लावली आणि वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर जाऊन बसले.