सी कुठे, डी कुठे

रविवारी सकाळी डोंबिवलीहून भाच्याचा फोन. “मामा, सी लाल झालाय.” सी ड्राइव्हची पट्टी लाल, म्हणजे मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली. गेमचं अपडेट अर्ध्यात अडकलेलं. “आणि डी?” “डी तर अख्खा रिकामाय.” गेल्या दिवाळीत हट्ट करून दोन टीबीची दुसरी एसएसडी घेतली होती त्याने. तेव्हापासून ती कॅबिनेटमध्ये नुसती बसून आहे. गेम कुठे टाकू, असं दर वेळी विचारलं जातं आणि आपण दर वेळी न वाचता पुढचं बटण दाबतो.

*

मोजणी सीपासून का सुरू होते, हेही त्याने मागे विचारलं होतं. ए आणि बी फ्लॉपीला दिलेले. 1983 साली आयबीएमचा पीसी एक्सटी हार्ड डिस्क घेऊन आला, तिची क्षमता 10 एमबी. आज दीडशे जीबीचा गेम सहज सापडतो. तो मावायला तसल्या पंधरा हजार डिस्क लागल्या असत्या. फ्लॉपी गेल्या, त्यांची अक्षरं मात्र अजून राखीव असल्यासारखीच पडून आहेत.

*

आमच्या पिढीचा घोळ वेगळा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून आणला की दुकानदार 80 जीबीच्या एकाच डिस्कचे तीन भाग पाडून द्यायचा. सीवर विंडोज, डीवर फोटो, ईवर गाणी आणि सिनेमे. व्हायरस आला की सीला फॉरमॅट मारायचा, डी शाबूत. सोय चांगलीच होती, पण त्यातून डी म्हणजे वेगळी वस्तू असा समज कायमचा बसला. चाळीतल्या खोलीला पडदे लावून तीन खोल्या केल्या तरी छप्पर एकच असतं. माझी ती डिस्क गेली तेव्हा तिन्ही अक्षरं एका दुपारी गेली.

खरी वस्तू पाहायची तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावं. तिथे खालच्या बाजूला डिस्क 0, डिस्क 1 अशा आडव्या ओळी दिसतात. एक ओळ म्हणजे एक डिस्क. नवी लावलेली एसएसडी ‘दिसतच नाही’ अशी तक्रार असते, तीही बहुतेकदा इथे काळ्या पट्टीत गपचूप बसलेली सापडते. इनिशिअलाइझ करा, जीपीटी निवडा, नवा भाग पाडून फॉरमॅट करा, अक्षर द्या, संपलं.

*

एक टीबी घेतली आणि 931 जीबीच दिसते, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराने भागते, विंडोज 1024 ने.

*

आता माझी स्वतःची फजिती. नव्या एनव्हीएमई एसएसडीवर विंडोज टाकली. जुनी हार्ड डिस्क केबलसकट जागेवरच राहू दिली, कशाला उगाच उचापत. वर्षभर सगळं सुरळीत. मग ती जुनी डिस्क कटकट वाजायला लागली, म्हणून फोटो दुसरीकडे उतरवून तिला काढून ठेवलं. पीसी चालू केला तर काळा पडदा, बूट करायला काही नाही म्हणे. नवी एसएसडी बायोसमध्ये दिसत होती, विंडोज तिच्यावर जशीच्या तशी होती, फक्त तिला उठवणारं कुणी नव्हतं. विंडोज टाकताना इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर आधीचा ईएफआयचा छोटासा भाग दिसला, 100 एमबीचा. त्याने सुरू होण्याची सगळी व्यवस्था तिथेच लावली. घर नवं, किल्ली जुन्या घरातल्या खुंटीवर. पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये शिरून नव्या डिस्कवर तो भाग केला, बीसीडीबूट चालवलं, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. हे काम सोपं आहे असं जो म्हणतो त्याने ते एकदा झोपेच्या वेळी करून पाहावं.

तेव्हापासून विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली ठेवतो. बाकीच्यांच्या केबल काढून बाजूला.

*

एम डॉट टू एसएसडीचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि तो पडतोच. खाली पांढरी चादर अंथरून बसावं.

*

दुसरी एम डॉट टू बसवली आणि साटाची हार्ड डिस्क गायब झाली, तर ती मेली असं लगेच समजू नका. बऱ्याच मदरबोर्डवर ठरावीक एम डॉट टू स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. डेटाची वाट दोघांत विभागलेली असते. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

*

वेगाचे आकडे. 7200 फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, चौथ्या पिढीची चांगली एनव्हीएमई सात हजार. या आकड्यांवर दुकानं चालतात. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलं की फरक कुणालाही कळतो, चहा टाकून येण्याइतका वेळ वाचतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर बऱ्याच गेममध्ये दोन-चार सेकंदच. कारण फाइल वाचून झाल्यावर ती उलगडायची असते आणि तिथे प्रोसेसर घाम गाळतो. हे काम ग्राफिक्स कार्डाकडे द्यायची सोय डायरेक्टस्टोरेजमध्ये आहे. पीसीवर डायरेक्टस्टोरेज वापरणारा पहिला गेम, ‘फोरस्पोकन’, 2023 मध्ये आला. फ्रेम रेट तर महागड्या एसएसडीने सहसा वाढत नाही. तो पैसा ग्राफिक्स कार्डावर घालावा, हे माझं मत.

*

‘हेलडायव्हर्स 2’ची गंमत. पीसीवर हा गेम दीडशे जीबीच्या वर गेला होता. हार्ड डिस्कच्या वाचणाऱ्या टोकाला इकडून तिकडे धावावं लागू नये, म्हणून एकच सामान ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवलेलं. 2025 च्या अखेरीस बनवणाऱ्यांनी ते सगळं काढलं आणि गेम आला सुमारे 23 जीबीवर. हार्ड डिस्कवाल्यांचा लोडिंगचा वेळ वाढला तो जेमतेम काही सेकंद. तोवर एसएसडीवाल्यांनी सव्वाशे जीबीचं भाडं फुकट भरलं.

*

भाच्याला फोनवर एवढंच करायला लावलं: फोल्डर उचलून डीवर कट-पेस्ट करू नकोस. स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आहे, तिथे डी जोड, गेम निवड, मूव्ह दाब. नव्वद जीबी हलायला काही मिनिटं लागली. मग म्हणाला, “आता सीला फॉरमॅट मारू का, स्वच्छ होईल.” थांबवलं. गेम डीवर गेला तरी बऱ्याच गेमचे सेव्ह सीवरच राहतात, डॉक्युमेंट्समध्ये नाहीतर ॲपडेटाच्या आत कुठेतरी. सगळेच गेम ते क्लाउडवर ठेवत नाहीत. दोनशे तासांची मेहनत काही केबीच्या फाइलमध्ये असते.

*

एकाच मापाच्या दोन डिस्क असल्या की फॉरमॅटच्या पडद्यावर त्या जुळ्या बहिणी. अक्षरं तर विंडोज टाकताना बदलूही शकतात. तेव्हा प्रत्येक डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि तिच्यावर काय आहे ते एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. कॅबिनेट उघडं असेल तेव्हाच.