विटलेला निळा

आमच्या नांदगाव खंडेश्वरपासून समुद्र फार दूर. तरी माझ्या टेबलावर एक आरमारी लढाऊ विमान उभे आहे. अमेरिकेचे ‘कॉर्सेअर’, मूळच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे. १९४४ पासून ही विमाने सर्वांगी चकचकीत गडद निळी रंगवू लागले. तो निळा मी मुद्दाम विटवतो.

“नव्या वस्तूले जुनी काहून करतं बाबू?” आई विचारते. मी तिला आमचे निळे दार दाखवतो. पत्र्याच्या सावलीतली वरची फळी अजून गडद आहे, उन्हातली खालची पांढुरकी झाली आहे, आणि कडीजवळ हातांनी लाकूड उघडे पडले आहे.

विमानाचेही तसेच. उन्हाने रंगातला चिकटपणा मरतो व वर भुकटी येते. म्हणून पंखांच्या पाठीवर निळ्यात थोडा राखी मिसळून विरळ हात देतो. पोट गडदच ठेवतो. चंदेरी ओरखडे काढतो ते वैमानिक पाय ठेवतो तिथे आणि कारागीर झाकणे उघडतात तिथे.

विक्रांतवरची आपली ‘सी हॉक’ राखी होती. ४ डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी कॉक्सबझारवर हल्ला केला. वैमानिकांची नावे इतिहासात येतात. झाकणे उघडणाऱ्यांची क्वचितच.

माझे वडील मोटारपंप दुरुस्त करतात. परवा त्यांनी विमान हाती घेतले, इंजिनाच्या झाकणावर बोट ठेवले नि म्हणाले, “इथं पाना घसरला दिसते.”

एवढी दाद मला पुरे आहे.