केळीचं क्रेट, दीड इंची पाइप आणि एक लाइफ जॅकेट

मासेमारीची कयाक घेतली की खर्च संपत नाही, तिथे तो सुरू होतो. बोट एकदाच घ्यायची असते, तिच्यावर लावायच्या वस्तूंना मात्र अंत नाही. महाजालावर तासभर भटकलं की यादी तयार : चार रॉड होल्डर, मासे शोधायचा सोनार (सराफ बाजारातला नव्हे, बॅटरीवर चालणारा), त्याची बॅटरी, घडीचा नांगर, तो पुढेमागे सरकवायची कप्पी-दोरी, कॅमेऱ्याचा दांडा, रात्रीचे दिवे, कप ठेवायची जागा. आणि मग कुठेतरी चौदाव्या क्रमांकावर लाइफ जॅकेट. आपण संगणकवाले लोक अशा वेळी काय करतो ते सांगायला नको. स्प्रेडशीट उघडतो, रकाने पाडतो आणि महिनाभर पाण्यात पाय घालत नाही.

यादी तशी चुकीची नाही. फक्त ती दुसऱ्या कुणाच्या तरी पाण्यासाठी केलेली आहे. बसून वल्हवायची उघडी कयाक (सिट-ऑन-टॉप म्हणतात ती) कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टिम नीमियर नावाच्या माणसाने १९७१च्या सुमारास बनवली. पायाने मारायचं पॅडल हॉबी कंपनीने १९९७मध्ये आणलं. तिथल्या समुद्रात आणि खाड्यांत जे लागतं, ते या याद्यांमध्ये आहे. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात काय आहे? भुसावळजवळ तापीवरचं ४१ दरवाज्यांचं हतनूर, ज्याचा फुगवटा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पोचतो. शिंदखेडा तालुक्यातलं सुलवाडे बॅरेज. पांझरेवरचं अक्कलपाडा. जरा पलीकडे, नांदगाव तालुक्यात पण जळगावची तहान भागवणारं गिरणा धरण. या सगळ्या पाण्यांचं एक साम्य आहे : हे पाणी काही वर्षांपूर्वी जमीन होतं, आणि दर उन्हाळ्यात त्याचा काही भाग पुन्हा जमीन होतो.

म्हणजे काय, तर तळाशी बुडालेल्या बाभळीची खोडं उभी असतात. पाणी ओसरलं की काठाच्या गाळात शेतकरी गाळपेर करतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच शेत पऱ्हाट्यांच्या खुंटांसकट पाण्याखाली जातं. मधे मच्छीमारांची जाळी लावलेली असतात, त्यांचे बोये कधी दिसतात, कधी नाही. आणि वर आपलं खान्देशी ऊन, मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात. तेव्हा प्रश्न 'काय काय मिळतं' हा नाही. प्रश्न आहे खोडं, जाळी आणि ऊन या तिघांना तोंड द्यायला काय लागतं.

आधी बोटीचंच बघू. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला फुगवायची कयाक सोयीची. घडी करून गाडीच्या डिकीत बसते, जिना चढताना शेजारी थांबून चौकशी करत नाहीत. टणक प्लॅस्टिकची कयाक २५ ते ३५ किलो, तिला गाडीच्या टपावर कॅरियर हवा आणि उचलायला दुसरा माणूस हवा. तरीही, वारंवार जाणार असाल तर मी टणक बोटीच्या बाजूने मत देईन. कारण काटे. वेडी बाभूळ आपल्या प्रत्येक तलावाच्या काठावर आहे आणि तिला हवा भरलेल्या वस्तूंबद्दल काहीही आदर नाही.

फुगवायचीच घेणार असाल तर अजून एक गोष्ट. सकाळी ३० अंशांत हवा भरली आणि बोट काठावर उन्हात ठेवून जेवायला बसलात, की आतली हवा सहज ६० अंशांपर्यंत तापते. निरपेक्ष तापमानात ही वाढ जेमतेम १० टक्के. पण गेज दाखवतो तो दाब बाहेरच्या हवेच्या वरचा असतो. १.५ पीएसआय भरलेली नळी, कापड ताणलं नाही असं धरलं तर, ३ पीएसआयच्या आसपास जाते. म्हणजे दुप्पट. शिवणी उसवतात त्या अशा. बोट पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडायची, पुन्हा उतरवताना भरायची. पंप सोबत ठेवायचा, घरी नाही.

आता मजेचा भाग. बाकीचं बहुतेक सामान जळगावातच, तेही फुले मार्केट ते एमआयडीसी एवढ्या अंतरात मिळतं, आणि परदेशी सामानापेक्षा वाईट नसतं.

जगभरचे कयाकवाले मासेमार सीटच्या मागे दुधाचं चौकोनी क्रेट बांधतात. त्यात डबे, पक्कड, पाणी, सगळं. आपल्याकडे केळीचं प्लॅस्टिक क्रेट आहे. रावेर-यावलच्या बागांमधून ज्यात केळी निघतात तेच. भोकं पाडलेलं, हलकं, उन्हात पडून राहायची सवय असलेलं. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. क्रेटला नाही मिळालं, पण मिळायला हरकत नव्हती. फक्त घेण्याआधी सीटमागची जागा मोजा, काही क्रेट बोटीपेक्षा रुंद निघतात.

रॉड होल्डर म्हणजे शेवटी एक नळी. ठिबक सिंचन आणि पीव्हीसी पाइपच्या गावात नळी विकत आणायला परदेशी संकेतस्थळावर जायचं म्हणजे नाशिकला द्राक्षं पाठवण्यासारखं आहे. दीड इंची पाइपचे फूटभर लांबीचे तीन तुकडे, कानशीने कडा घासून, क्रेटच्या भोकांतून केबल टायने दोन ठिकाणी आवळले की काम झालं. रॉडची मूठ आधी मोजून घ्या, जाड मूठ असेल तर दोन इंची पाइप लागेल. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी तर बहुगुणी आहे. उभी चिरून गळांच्या टोकांवर चढवली की बोटं वाचतात (आणि फुगवलेली बोटसुद्धा), दोरी जिथे घासते तिथे बसवली की दोरी वाचते. आणि जळगावची प्लॅस्टिकची चटई! फुगवलेल्या कयाकच्या आत एक, काठावर बोटीखाली एक. दुसरं काही घेतलं नाही तरी ही घ्याच.

सोनार मी घेतला नाही. त्यासाठी १२ व्होल्ट ७ अँपियर-तासांची बॅटरी न्यायची, तिचंच वजन दोन किलोच्या वर. मरळ हवी असेल तर ती काठच्या गवतात आणि पाणवनस्पतीत असते, तिला शोधायला यंत्र नको, गुडघे न दुखता शांत बसता आलं पाहिजे. खोली बघायला सुताला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारायच्या आणि टोकाला शिसं. वर काढल्यावर शिशाला गाळ लागलाय की वाळू, तेही कळतं. यंत्राचा पडदा हे इतकं स्वस्तात सांगत नाही.

नांगराबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. घडीचा चार नखांचा नांगर फोटोत देखणा दिसतो. बुडालेल्या बाभळीत तो एकदा गेला की परत येत नाही; जाळ्यात गेला तर आपल्यापेक्षा दुसऱ्याचं नुकसान जास्त. इथले मच्छीमार काय वापरतात? दगड. नायलॉनच्या पिशवीत दोन-तीन किलोचा दगड. मी त्यात एकच भर घातली : पिशवी आणि मुख्य दोरी यांच्यामध्ये वीतभर साधी सुतळी. दगड अडकला आणि जोर लावला की सुतळी तुटते, दगड खाली राहतो, दोरी आणि बोट आपली. घरातल्या विजेच्या फ्यूजचं जे काम तेच. दोरी खोलीच्या किमान तिप्पट, आणि ती बोटीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधायची, बाजूला कधीच नाही. बाजूला बांधलेला नांगर वाऱ्यात वा प्रवाहात बोट आडवी धरतो आणि मग ती उलटायला फार काही लागत नाही. बॅरेजच्या खाली, वाहत्या तापीत, नांगर टाकायचाच नाही. किंबहुना तिथे जायचंच नाही. दरवाजे कधी उघडतील हे आपल्या हातात नसतं.

कयाक हा शब्द आर्क्टिकच्या इनुइट लोकांकडून आला. त्यांच्या कातडी कयाकवर शिकारीचं सामान वरच्या बाजूला चामड्याच्या पट्ट्यांखाली खोचलेलं असे, जागच्या जागी. याच नियमाने चालावं. वल्हं दोरीने बांधलेलं, पक्कड बांधलेली, चष्म्याला दोरा, फोन पाणबंद पिशवीत आणि पिशवी बोटीला. पहिल्या दिवशी मासे धरायला जाऊच नका. कमरेएवढ्या पाण्यात, काठावर कुणीतरी उभं असताना, सगळं सामान लावून बोट मुद्दाम उलटी करा. जे तरंगत लांब गेलं किंवा तळाला गेलं ते बांधलेलं नव्हतं. मग पाण्यातून बोटीवर परत चढून बघा. हे दिसतं तितकं सोपं नाही, आणि जमत नसेल तर ते कमरेएवढ्या पाण्यात कळलेलं बरं.

आणि आता चौदाव्या क्रमांकावरची वस्तू. वर जेवढा जुगाड सांगितला तो सगळा इथे बंद. लाइफ जॅकेट घरी बनवायचं नाही, उसनं आणायचं नाही, बोटिंग क्लबच्या कोपऱ्यात पडलेलं नारिंगी, बक्कल तुटलेलं तर नाहीच नाही.

लोक विचारतात, माझं वजन ८० किलो, जॅकेटवर लिहिलंय ५० न्यूटन, म्हणजे जेमतेम ५ किलो. त्याने मी कसा तरंगणार? तर आर्किमिडीजच्या कृपेने माणूस पाण्यात जवळजवळ तरंगतोच. उरलेला प्रश्न नाक-तोंड पाण्यावर ठेवायचा, त्याला हे पाच किलो पुरतात. पण ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी असतं. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं घ्या. ते बेशुद्ध माणसाला उताणं करण्यासाठी बनवलेलं असतं. वल्हवताना जरा अवघडतं, अवघडू दे. गॅसच्या नळकांड्याने आपोआप फुगणारी सडपातळ जॅकेटं मिळतात, पण गळ आणि बाभळीच्या राज्यात मला फोमच बरा वाटतो. पाठीच्या खालच्या भागात फोम नसलेलं घ्या, नाहीतर ते सीटच्या पाठीला टेकून कानापर्यंत वर सरकतं. दुकानात घालून, सगळे पट्टे आवळून, कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीवर आलं तर ते तुमचं माप नाही.

उन्हात ते काढून मागे टाकायचा मोह होतो. पाण्यात बुचकळून घाला, पहिला तासभर गार राहतं. आणि तसंही नऊ-साडेनऊनंतर पाण्यावर राहण्यात अर्थ नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला मोठा रुमाल, माणशी तीन-चार लिटर पाणी. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली, आणि जाळं-दोरी कापायला छोटा चाकू हाताला लागेल असा.

एक गोष्ट कुठल्याच यादीत नसते. या धरणांमधले रोहू, कटला आभाळातून पडलेले नाहीत. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्या पैसे घालून बोटुकली सोडतात, आणि तो मासा त्यांचा असतो. पाणी जलसंपदा विभागाचं. तेव्हा दोन्हीकडे विचारल्याशिवाय बोट उतरवायची नाही. धुळ्याचे नकाणे, डेडरगाव आणि जळगावचं वाघूर हे पिण्याचं पाणी, त्यांचा विचारच नको. हतनूरला हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी येतात, त्यांच्या थव्यात बोट घालणाऱ्याला माझ्याकडून सप्रेम शिव्या. संस्थेच्या माणसांशी बोललं की बहुतेकदा काम होतं. ते फी सांगतील, पकडलेला मासा वजन करून घ्या म्हणतील. शिवाय जाळी कुठे लावलीयत आणि खोडं कुठे आहेत हे तेच सांगतात, आणि तो नकाशा विकत मिळत नाही.

सुलवाड्याच्या फुगवट्यावर मला असेच एक मच्छीमार दादा भेटले. त्यांची बोट म्हणजे खताच्या गोण्यांत शिवलेला थर्माकोल, पुरुषभर लांब, वल्हं म्हणून दोन हातांत फळीचे दोन तुकडे. माझ्या बोटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हाई नाव शे का खेळनं?" मी म्हटलं, थोडंसं दोन्ही. क्रेट त्यांनी लगेच ओळखलं आणि हसले. पाइपचे होल्डर हलवून बघितले. मी मनात त्यांच्या थर्माकोलचा हिशेब करत होतो : एवढा ठोकळा तीनशे किलो सहज उचलेल, म्हणजे बुडण्याच्या बाबतीत त्यांची बोट माझ्यापेक्षा सरस. पण तो त्यांना बांधलेला नव्हता. वाऱ्याने खाली पडलं आणि ठोकळा पुढे निघून गेला, तर हातात काही नाही. जाळं पायात असतंच.

जॅकेट काढून दिलं. त्यांनी घातलं, पट्टे आवळले, बराच वेळ छातीवरचा फोम दाबून बघितला. "कितलाले लिनं?" सांगितलं. गप्प बसले. माझ्या बोटीवरच्या कुठल्याच वस्तूची किंमत त्यांनी विचारली नव्हती. मग जॅकेट सोडवत म्हणाले, "पोऱ्याना मापनं भेटस का?"

मिळतं. लहान मुलांचं जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं असतं, कॉलर हवी आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल त्यातून खाली निसटतं. मी मुलाचं वजन विचारलं, ते त्यांना माहीत नव्हतं. शाळेत नोंद असते, म्हणाले, सोमवारी विचारून कळवतो.